पाहुण्यांची टोपी

मी टोपी बोलतेय. डोक्यावर घालतात तीच, फक्त माझ्या काठाला चहूबाजूंनी काळी जाळी लावलेली आहे आणि ती खांद्यापर्यंत उतरते. अमक्याला टोपी घातली म्हणजे त्याला फसवलं, असं तुम्ही लोक म्हणता. माझ्या बाबतीत उलटं आहे. मला घातलं की माणूस वाचतो. निदान त्याचं नाक तरी वाचतं.

मी मधमाश्या पाळणाऱ्यांच्या मंडळात राहते. मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागे मोकळं आवार आहे. तिथे भिंतीच्या कडेनं माश्यांच्या पेट्या मांडल्या आहेत आणि कोपऱ्यात पत्र्याच्या छपराची एक खोली आहे. दर रविवारी सकाळी मंडळी जमतात, पेट्या उघडून बघतात, बंद करतात आणि खोलीत बसून चहा पितात. पेट्यांना जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट चहाला लागतो. खोलीच्या दाराशी खुंट्यांची रांग आहे आणि प्रत्येक सभासदाची टोपी आपापल्या खुंटीवर असते. सगळ्यात शेवटच्या खुंटीखाली खडूनं 'पाहुणे' असं लिहिलंय. ती माझी जागा.

माझा जन्म वहिनींच्या शिवणयंत्रावर झाला. वहिनी म्हणजे मंडळाच्या बाईंची भावजय. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. अख्खं मंडळ त्यांना बाई म्हणतं आणि त्यांच्या भावजयीला वहिनी, मग कुणी वयानं लहान असो की मोठं. बाईंचे भाऊ गेल्यापासून या दोघी एकाच घरात राहतात. पुढच्या खोलीत वहिनींचं शिवणाचं दुकान, मागच्या खोलीत बाईंचे नकाशे, आणि मधल्या स्वयंपाकघरात दोघींची भांडणं.

मंडळ सुरू कसं झालं ती हकीकत मी इतक्यांदा ऐकली आहे की मला पाठ झाली आहे. शाळेच्या छपराखाली मोहोळ लागलं होतं. ते जाळून टाकायला आगीचा बंब बोलावला. बाई शिडीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी मला जाळा." बंबावरचा माणूस हातात मशाल घेऊन तसाच उभा राहिला. म्हणाला, "बाई, तुम्हाला जाळायचा हुकूम नाही माझ्याकडे." शेवटी दोघांनी मिळून ते मोहोळ एका खोक्यात उतरवलं. आज तो माणूस निवृत्त झालाय. आम्ही त्यांना बंबकाका म्हणतो. माश्यांना शांत करायला धूर द्यावा लागतो, ते धुराडं त्यांच्याकडे असतं. जन्मभर धूर विझवला आणि म्हातारपणी धूर करत बसलो, असं ते दर रविवारी एकदा म्हणतातच. आम्ही दर रविवारी हसतो.

सुरुवातीला वहिनींनी सगळ्या टोप्यांना मच्छरदाणीची पांढरी जाळी लावली होती. उन्हात पांढरी जाळी अशी चमकायची की आतून काही दिसेना. सभासद एकमेकांवर आदळायचे. एकदा बंबकाका पेटीऐवजी बाईंनाच धूर देत राहिले. मग वहिनींनी सगळ्या जाळ्या काळ्या रंगात बुडवल्या. पुढच्या रविवारी घाम आला, रंग उतरला आणि सगळे चेहऱ्यावर काळ्या चौकटी घेऊन घरी गेले. तेव्हा बाई आणि वहिनी बरेच दिवस बोलत नव्हत्या. तिसऱ्या वेळी पक्की काळी जाळी आणली, त्या खेपेत मी शिवले गेले.

आणि तेव्हाच माझ्यात एक उणीव राहिली. माझ्या काठाची आतली पट्टी वहिनींनी नुसत्या कच्च्या टाक्यांवर धरून ठेवली होती. पक्की शिवण घालणार तेवढ्यात कुणीतरी पँट आखूड करायला आलं. कच्चे टाके लवकरच उसवले आणि तिथे बोट जाईल एवढी फट पडली. बाईंनी ती लगेच पाहिली.

"वहिनी, ती शिवण राहिलीय."

"उद्या घालते, वन्सं."

हा संवाद त्यानंतर इतकी वर्षं चालू आहे की त्यात आता राग राहिलेला नाही. जेवलात का, असं विचारावं तसा तो झालाय.

वहिनींनी एवढ्या टोप्या शिवल्या, पण त्यांनी स्वतः कधी एकही घातली नाही. लहानपणी त्यांच्या पापणीवर माशी चावली होती. माशीचं नाव काढलं की अजून त्यांचा हात डोळ्याकडे जातो. सभासदांच्या डोक्याची मापं त्या आपल्या दुकानात बसून घेत. आवाराकडे त्या फिरकतसुद्धा नसत. "तुमच्या माश्या तुम्हाला लखलाभ," असं म्हणून त्या मध मात्र दोन चमचे जास्त घेत.

पाहुण्यांची टोपी असल्यामुळे मी पुष्कळ डोकी पाहिली. बाहेरून माणूस शूर दिसतो. जाळीच्या आत तो काय पुटपुटतो ते फक्त मला ऐकू येतं. मिशीवाले धिप्पाड गृहस्थ आईला हाक मारतात. एक पोलीस अधिकारी सबंध वेळ पाढे म्हणत होते. उलट एक सडपातळ मुलगी पेटीवर वाकून म्हणाली, "अगं, किती गं तुम्ही गोड," आणि पुढचा तासभर तिला तिथून हलवता येईना. एक गृहस्थ येताना केळं खाऊन आले होते. केळ्याचा वास माश्यांना धोक्याच्या इशाऱ्यासारखा वाटतो. त्या गृहस्थांनी आवारातून फाटकापर्यंत जी धाव घेतली, ती पाहून बंबकाका म्हणाले, "हा माणूस आमच्या दलात हवा होता."

आमचे दंतवैद्यही आधी माझ्याच खाली आले. पेटीचं झाकण उचलताना ते सवयीनं म्हणाले, "घाबरू नका हं, आता जरासं दुखेल." माश्यांनी ते खरं करून दाखवलं. तरी ते टिकले. आज ते मंडळाचे चिटणीस आहेत आणि झाकण उचलताना अजून तेच म्हणतात.

आता मंडळाच्या एका रिवाजाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं.

पेटीत हजारो माश्या असतात आणि राणी एकच. ती चटकन ओळखू यावी म्हणून नव्या राणीच्या पाठीवर एक बारीक ठिपका देतात. तो ठिपका आमच्याकडे लाल असतो, कारण तो वहिनींच्या नखांना लावायच्या रंगाचा असतो. वहिनींना नखं रंगवायची भारी हौस आहे. राणीला डाव्या हाताच्या चिमटीत धरायचं, उजव्या हातात कुंचला घ्यायचा, ठिपका द्यायचा, फुंकर घालून वाळवायचा आणि तिला परत पोळ्यावर सोडायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण चिमूट जरा जास्त आवळली की राणी मेलीच, आणि राणी गेली की सगळ्या पेटीचं काही खरं नसतं.

म्हणून बाईंनीच नियम केला होता. ज्याच्या हातून राणी जाईल त्यानं कुंचला खाली ठेवायचा आणि पुन्हा कधी उचलायचा नाही. सुरुवातीला कुंचला दंतवैद्यांकडे होता. त्यांनी राणी धरली ती दाढ धरावी तशी. तेव्हापासून कुंचला बाईंकडे आला आणि बाईंकडेच राहिला. बाईंना तो कुंचला म्हणजे जीव की प्राण. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे नकाशे उरले होते, पण ते बघणारं कुणी उरलं नव्हतं. रविवारी कुंचला हातात घेतला आणि भोवती मंडळी गोळा झाली की त्यांची पाठ ताठ व्हायची. एकदा त्या बंबकाकांना म्हणाल्या होत्या, "ज्या दिवशी हा खाली ठेवीन ना, त्या दिवसापासून मी इकडे येणार नाही. नुसतं बघत बसणं मला जमायचं नाही."

पण अलीकडे बाईंच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला होता. खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकू यायचं. तो आवाज आला की दंतवैद्य मोठ्यानं बोलायला लागायचे आणि बंबकाकांना खोकला यायचा. बाईंना वाटायचं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी वहिनींनी बाईंना अर्धाच कप चहा द्यायला सुरुवात केली होती. बाईंनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "दूध महाग झालंय."

यंदा वसंतातल्या एका रविवारी मंडळानं फाटक सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. आजूबाजूच्या गल्ल्यांतली माणसं, पोरंबाळं, कुणाच्या मावश्या, कुणाचे जावई असे पुष्कळ लोक आले. मी सकाळपासून खुंटीवर वाट बघत होते, आज माझ्या नशिबी कुणाचं डोकं. दार उघडलं आणि आत आल्या वहिनी.

दंतवैद्यांच्या हातातली किटली तशीच राहिली. "वहिनी, तुम्ही?"

"का? बाहेर लिहिलंय ना, सर्वांचं स्वागत आहे म्हणून? मी सर्वांत येत नाही का?"

त्यांनी मला खुंटीवरून काढलं, उलटसुलट केलं, ती फट पाहिली, "हं," म्हणाल्या आणि मला डोक्यावर घातलं. एवढ्या वर्षांनी मी माझ्या जन्मदात्रीच्या डोक्यावर बसले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण त्यांचं काळीज असं धडधडत होतं की माझी जाळी हलायला लागली. बाहेर पडता पडता त्या आतल्या आत म्हणाल्या, "चावल्या तर चावू देत. पण वन्संच्या हातून काही पडायला नको. मी जवळ असलेली बरी."

मग मला समजलं, त्या कशाला आल्या होत्या.

पेटीभोवती गर्दी झाली. बंबकाकांनी धूर दिला. दंतवैद्य म्हणाले, "आता जरासं दुखेल," आणि झाकण उचललं. बाई बोलायला लागल्या. बाई बोलायला लागल्या की आवाराचा वर्ग होतो. त्यांनी कामकरी माश्या दाखवल्या, नर दाखवले. "हे नर. अंगानं राणीएवढे जाडजूड, पण काम काही करत नाहीत. आयतं खातात." मागून कुणाचीतरी बायको म्हणाली, "ओळखीचे वाटतात." सगळे हसले. मग बाई म्हणाल्या, "राणी नव्या जागी बसली की काही माश्या तिच्याकडे तोंड करून उभ्या राहतात. शेपटाकडचं अंग वर करतात आणि जागच्या जागी पंख हलवतात. बाकीच्यांना त्या वासानं सांगतात, की या, राणी इथे आहे."

वहिनी अगदी बाईंच्या कोपराला खेटून उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या, पण डोळे घट्ट मिटलेले. हे फक्त मला माहीत.

बाईंनी राणी उचलली. चिमटीत धरली. कुंचला बाटलीत बुडवला. मी वरून बघत होते. हात थरथरत होता, पण ठिपका बरोबर पाठीच्या मध्यावर बसला. लोकांनी "वा!" म्हटलं. बाईंनी फुंकर घालायला हात तोंडाशी नेला, तेवढ्यात हाताला जोराचा झटका आला, कुंचल्यावरचा रंग खाली सांडला आणि चिमूट रिकामी झाली.

"हलू नका!" बाई ओरडल्या. "कुणीही पाय हलवू नका!"

सगळे होते तसे थिजले. दंतवैद्यांचा एक पाय हवेत होता, तो त्यांनी हवेतच ठेवला. बंबकाका जमिनीवर आडवे झाले आणि गवताची काडी न काडी बघायला लागले. सगळ्यांच्या माना खाली. वर कुणी बघितलंच नाही.

वर मी होते. राणी उडाली ती सरळ माझ्या जाळीवर येऊन आपटली. जाळीवरून तुरुतुरु चढली, काठाखाली आली आणि कधीपासून राहून गेलेल्या त्या शिवणीच्या फटीतून आत शिरली. पट्टीच्या आत अंधार होता, ऊब होती. ती तिथे दडून बसली. मी म्हणाले, अहो, ही इथे आहे! पण टोपीचं बोलणं कोण ऐकतं? आज तुम्ही ऐकताय, तेव्हा कुणी ऐकलं नाही.

"बाई," बंबकाका जमिनीवरून हळूच म्हणाले, "तुमचा बूट."

बाईंनी बूट उलटा केला. टाचेखाली एक जाडजूड माशी चिरडलेली होती. इतकी चपटी झाली होती की तिचं तोंड कुठे आणि पाय कुठे ते कळेना. आणि तिच्यावर लाल रंग होता.

दंतवैद्यांनी चष्मा पुसला. "बाई, हा नर असेल. रंग खाली सांडला ना, तोच लागला असेल."

"लाल ठिपका दिसतोय ना, डॉक्टर? मग झालं तर." बाईंनी बूट पायात घातला. कुंचला पुसला, पेटीच्या झाकणावर आडवा ठेवला आणि लोकांना म्हणाल्या, "आज एवढंच. माफ करा." आणि त्या खोलीकडे चालायला लागल्या. त्यांची पाठ मी कधी वाकलेली पाहिली नव्हती, ती त्या दिवशी पाहिली. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. तो नरच होता हो! जन्मात काही काम केलं नाही त्यानं, आणि मरताना एवढं काम वाढवून गेला.

लोक गुपचूप पांगले. दंतवैद्य आणि बंबकाका पेटी आवरायला थांबले. खोलीत बाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. वहिनींनी मला डोक्यावरून काढलं आणि मांडीवर घेतलं. काय बोलावं ते सुचलं नाही की त्या शिवतात. कॉलरला अडकवलेली सुई त्यांनी काढली.

"तुमची ही शिवण आज घालून टाकते, वन्सं."

"आता कशाला?"

"कधीपासून मागे लागला होतात ना."

"आता मी येणारच नाही इकडे. मग शिवण असली काय नि नसली काय."

"येणार नाही म्हणजे? रविवारी घरी बसून माझ्याशी भांडणार का? मला आठवड्यातून एक सकाळ शांत मिळते ती."

बाई हसल्या नाहीत. एरवी हसल्या असत्या.

माझी मात्र बोबडी वळली होती. सुई! आणि ती त्याच फटीत जाणार, जिथे राणी बसली होती! मी टोपी आहे, सुईची मला सवय आहे. सुईनंच मला जन्म दिला. पण त्या दिवशी तिचं टोक बघून मी हादरले. सरक गं बाई, सरक, असं मी राणीला म्हणत होते. ती कशाला सरकते? राणीच ती.

वहिनी सुईत दोरा ओवायला लागल्या. जमेना. एरवी अंधारातही दोरा ओवतील वहिनी, पण डोळे पाण्यानं भरले होते. दोरा सुईच्या उजवीकडून जायचा नाहीतर डावीकडून. बाईंनी थोडा वेळ बघितलं, मग "आण इकडे," म्हणून सुई घेतली. पण त्यांच्या हातात सुई अशी हलायला लागली की दोऱ्याला तिचं भोक सापडेना. तो थरथरता हात दोघीही बघत राहिल्या. पहिल्यांदाच दोघींनी तो एकत्र पाहिला.

"असं करू," वहिनी म्हणाल्या. "सुई मी धरते घट्ट. मला दिसत नाही, पण हात हलत नाही. तुम्हाला दिसतंय. दोरा तुम्ही घाला. मनगट माझ्या हातावर टेकवा."

बाईंनी मनगट टेकवलं. दोरा पहिल्या खेपेला आत गेला.

आणि वहिनींनी टाके घालायला सुरुवात केली. पहिला टाका फटीच्या एका टोकाला पडला. दुसरा त्याच्या शेजारी. राणी तिसऱ्या टाक्याच्या जागी होती. मला श्वास असता तर तो तिथेच थांबला असता.

तेवढ्यात उघड्या खिडकीतून एक माशी आली आणि माझ्या काठावर बसली. मग दुसरी. मग चार-पाच एकदम. वहिनींनी किंकाळी फोडली. सुई दोऱ्याला लोंबकळत राहिली.

"हलू नकोस," बाई म्हणाल्या. "काही करत नाहीत. जातील."

पण त्या जात नव्हत्या, येतच होत्या. काही वहिनींच्या बोटांवरून चालत माझ्याकडे निघाल्या. वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी डोळे मिटले, मग एक उघडला, मग दुसराही.

"वन्सं... ह्या अशा का उभ्या राहिल्यात?"

"कशा?"

"शेपूट वर करून. पंख हलवतायत. सगळ्यांची तोंडं शिवणीकडे. तुम्ही सकाळी सांगत होतात ते हेच ना?"

बाई खुर्चीतून उठल्या. माझ्यावर वाकल्या. त्यांचा श्वास मला लागत होता.

"वहिनी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "सुई राहू दे. तुझी कात्री कुठाय?"

"खिशात."

"तो शेवटचा टाका काप. माझ्या हातून होणार नाही, बघतेस ना तू. तुलाच करायला हवं."

"वन्सं, माझ्या हातावर माश्या आहेत!"

"असू देत. पाहुण्या आहेत."

पापणीवरच्या त्या एका माशीला जन्मभर घाबरलेल्या वहिनींनी हातभर माश्या घेऊन कात्री काढली आणि टाका कापला. फटीतून आधी दोन मिशा बाहेर आल्या, मग डोकं, आणि मग पाठ. पाठीवर लाल ठिपका होता. बरोबर मध्यावर, जरासा पुसटलेला.

बाई नुसत्या मान हलवत होत्या आणि चष्म्याखालून गालावर पाणी ओघळत होतं. वहिनींनी राणीला चिमटीत उचललं. दातांत धरलेली टाचणी काढावी इतक्या सहज उचललं. आयुष्यभर बारीक वस्तू धरलेली बोटं ती, ना सैल पडली, ना आवळली. मग त्यांनी शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान काढलं, राणी त्यात सोडली, वर अंगठा ठेवला आणि दोघी आवारात निघाल्या.

मीही होते, बाईंच्या हातात, अंगावर माश्यांचा घोळका घेऊन. आम्हाला बघून बंबकाकांच्या हातातलं धुराडं पडलं. दंतवैद्यांनी काही न विचारता झाकण उचललं. "आता जरासं..." ते म्हणायला लागले आणि थांबले. "नाही. आता अजिबात दुखणार नाही." अंगुस्तान पोळ्याशी टेकवलं, राणी बाहेर आली, तिनं आजूबाजूला बघितलं आणि काही झालंच नाही अशी आत निघून गेली.

मग बंबकाकांनी झाकणावरचा कुंचला उचलला आणि बाईंपुढे धरला. बाईंनी तो घेतला नाही.

"नियम नियम असतो. आज गेली नाही, पण हातातून सुटली. उद्या जाईल. हात हलतो माझा. तुम्ही सगळे खोकता तेव्हा मला कळत नाही असं वाटतं का?"

बंबकाकांना नेमका तेव्हाच खोकला आला. दंतवैद्य पेटीच्या कडेला लागलेलं मेण नखानं काढत राहिले.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "मघाशी सुईत दोरा कसा ओवला?"

बाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"मी धरते," वहिनी म्हणाल्या. "ठिपका तुम्ही द्या. मनगट टेकवा माझ्या हातावर. आणि नखांचा रंग माझा जातोय इतकी वर्षं, तेव्हा अर्धा हक्क माझा आहेच."

"तू दर रविवारी येणार? इथे? माश्यांत?"

"काय करणार? घरी बसून कंटाळा येतो. भांडायला कुणी नसतं."

तेव्हा कुठे बाई हसल्या. अशा हसल्या की त्यांना पेटीवर हात टेकावा लागला.

त्या दिवसापासून माझं आयुष्य बदललं. नव्या पेट्यांतल्या राण्यांना आता दोघी मिळून ठिपके देतात. वहिनी चिमूट धरतात, बाई त्यांच्या हातावर मनगट टेकवतात, आणि दोघी एकदम श्वास रोखतात. "हं," बाई म्हणतात. "हं," वहिनी म्हणतात. ठिपका बसतो. मग फुंकर कुणी घालायची यावरून दोघींचं भांडण होतं. वहिनी अजून आवारात शिरताना डोळे मिटतात. राणी चिमटीत आली की उघडतात. घरी बाईंना चहा पुन्हा पूर्ण कप मिळतो. कप बशीवर वाजतो, पण आता कुणाला खोकला येत नाही.

माझ्या खुंटीखालचं 'पाहुणे' वहिनींनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. पाहुण्यांसाठी त्यांनी दुसरी टोपी शिवली आहे. छान आहे, पक्क्या शिवणीची. थोडी गर्विष्ठ आहे, पण शिकेल. मी आता एकाच डोक्याची झाले, वहिनींच्या. इतकी डोकी फिरून आल्यावर मला स्वतःचं घर मिळालं, मी सुखात आहे.

माझ्या पट्टीच्या आत एक लाल डाग आहे. राणीच्या पाठीवरचा ओला रंग तिथे टेकला होता. बाहेरून तो दिसत नाही आणि धुण्यानं जात नाही. मला तो फार आवडतो.

परवाच वहिनींनी कॉलरची सुई काढली आणि मला मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "वन्सं, ही शिवण अजून राहिलीच आहे. आज खरंच घालते."

बाईंनी हात पुढे करून मला त्यांच्या मांडीवरून उचललं आणि खुंटीवर लावलं.

"उद्या घाल," बाई म्हणाल्या.